विभागाची वेबसाईट गळ्यात पडलीय? मग हे वाचा

मीटिंग संपता संपता विभागप्रमुख सहज म्हणतात, "ती वेबसाईट जरा तू बघ ना, तुला कम्प्युटरचं कळतं," आणि बाकीचे सगळे एकदम मोबाईलमध्ये डोकं घालतात. झालं, त्या क्षणापासून वेबसाईट तुमची. मी पण अशीच अडकले होते. आधी एका विभागाची साईट सांभाळली, मग काही वर्षं पलीकडच्या बाजूला, म्हणजे विद्यापीठाच्या सेंट्रल वेब टीममध्ये बसले, त्यामुळे दोन्हीकडचं रडगाणं मला पाठ आहे. विभाग म्हणतो सेंट्रलवाले काही करू देत नाहीत, सेंट्रलवाले म्हणतात विभाग काही करतच नाही, आणि या दोघांच्या मधे साईटवर पाच वर्षांपूर्वी रिटायर झालेले सर अजून विभागप्रमुख म्हणून हसत असतात.

आधी कोणाचं काय ते बघा

विद्यापीठाने एक कॉमन सिस्टीम दिलीय, म्हणजे ड्रुपल किंवा वर्डप्रेससारखं वेबसाईट चालवायचं काहीतरी सॉफ्टवेअर, सगळ्या विभागांना एकच टेम्प्लेट, विद्यापीठाच्याच आयडीने लॉगिन, हे धरून चालते, बहुतेक ठिकाणी असंच असतं. यात सर्व्हर, बॅकअप, सिक्युरिटी अपडेट, डोमेन, टेम्प्लेट, वरची पट्टी आणि खालचा फूटर हे सगळं सेंट्रलचं. आणि पानावरचा शब्द न् शब्द, फोटो, फाईल, तारीख, फोन नंबर हे सगळं तुमचं. सेंट्रल टीमला तुमच्या अभ्यासक्रमात यंदा कुठला पेपर बदलला हे माहीत नसतं आणि माहीत असायचं कारणही नाही. घोडं इथेच अडतं, कारण "सेंट्रली सपोर्टेड" हे शब्द ऐकले की विभागाला वाटतं चला सुटलो, आता तेच लिहितील.

मग आपला वेगळा सर्व्हर घेऊन मोकळं का होऊ नये, असं दर वर्षी कोणीतरी विचारतंच, बहुतेक नवीन आलेला आणि उत्साही. त्यांना मी एकच गोष्ट सांगते. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधलं एक भयंकर भोक जाहीर झालं, त्याच दिवशी अपडेटही आलं, आणि दोन आठवड्यांनी ड्रुपलच्याच सिक्युरिटी टीमने सांगितलं की जाहीर झाल्यापासून ७ तासांत ज्यांनी अपडेट टाकलं नाही त्यांनी आपली साईट फुटलीय असंच समजून चालावं. सात तास! विभागातल्या टेबलाखाली ठेवलेला सर्व्हर, त्याचा पासवर्ड पास होऊन गेलेल्या कुठल्यातरी विद्यार्थ्याकडे, तिथे कोण सात तासांत अपडेट टाकणार होतं? त्याच ड्रुपल ७ चा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला कायमचा बंद झाला, म्हणजे ज्यांनी तेव्हा स्वतःचं वेगळं काढलं आणि नंतर बघितलंच नाही ते आता उघड्यावर आहेत. हे झेंगट सेंट्रलच्या डोक्यावर असलेलंच बरं, बदल्यात रंग आणि फॉन्ट त्यांचे वापरावे लागतात एवढंच.

लॉगिन घ्या, पण एकट्याने नको

पहिल्या दिवशीच दोन माणसांसाठी ॲक्सेस मागा. एक जण लिहिणारा, एक जण बघून पब्लिश करणारा. बहुतेक सिस्टीममध्ये असे रोल तयारच असतात, एकाला फक्त ड्राफ्ट करता येतो, दुसऱ्याला लाईव्ह करता येतो. दोघं का, तर एक रजेवर गेला की परीक्षेचं वेळापत्रक अडकतं म्हणून, आणि स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत म्हणूनही. एक आयडी पाच जणांनी मिळून वापरायचा प्रकार तर बिलकुल नको. पान कोणी उडवलं हे कळायला मार्ग राहत नाही, आणि एक जण सोडून गेला की पासवर्ड बदलायचा कोणी यावरून महिनाभर भिजत घोंगडं. माणूस विभागातून गेला की त्याच आठवड्यात सेंट्रलला कळवून त्याचा ॲक्सेस काढा, यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही.

सेंट्रलचं ट्रेनिंग असतं, दीड-दोन तासांचं, कंटाळवाणं असतं हे खरंय पण जा. बटणं नंतरही शिकता येतात, तिथे जायचं ते कोणाला फोन करायचा हे कळावं म्हणून.

नवीन पान बनवायच्या आधी जुनी मोजा

जुनी साईट नवीन सिस्टीममध्ये हलवायची असेल तर लोक सरळ कॉपी-पेस्ट करायला बसतात. थांबा. एक स्प्रेडशीट उघडा आणि जुन्या साईटवरचं प्रत्येक पान एका ओळीत लिहा: पानाचं नाव, लिंक, शेवटचं कधी बदललं, कोणाच्या कामाचं आहे, कोण जबाबदार, आणि शेवटच्या कॉलममध्ये ठेवायचं, जोडायचं की काढायचं. कंटाळा येतो, दोन दिवस जातात, पण यातूनच खरी साईट कळते. मी केलं तेव्हा एकाच प्रयोगशाळेची माहिती तीन पानांवर निघाली, तिन्हीकडे वेगळे फोन नंबर आणि त्यातला एकही चालू नाही. "लवकरच येत आहे" असं लिहिलेलं एक पान सात वर्षं जुनं होतं. "कोण जबाबदार" या कॉलममध्ये ज्या पानासमोर कोणाचंच नाव येत नाही ते पान बिनधास्त काढा. नाव म्हणजे माणसाचं नाव, "कमिटी" असं लिहून चालणार नाही, कमिटी म्हणजे कोणीच नाही.

काढताना एक मात्र सांभाळा, आणि हे मी स्वतः तोंडावर पडून शिकलेय. मी मेनू साफ करायच्या नादात प्रवेशाच्या पानाची लिंक बदलून छोटी, सुटसुटीत केली, खूश झाले, घरी गेले. दुसऱ्या दिवशी कळलं की जुन्या लिंकचा क्यूआर कोड विभागाने छापलेल्या प्रत्येक पोस्टरवर होता आणि स्कॅन केलं की ४०४, पान सापडत नाही. पोस्टर लागून चार दिवस झाले होते. तेव्हापासून नियम, लिंक बदलायची झालीच तर आधी सेंट्रलला सांगून रिडायरेक्ट लावून घ्यायचा, ३०१ वाला, म्हणजे जुनी लिंक उघडली तरी माणूस आपोआप नव्या पानावर जातो आणि सर्च इंजिनलाही कळतं की पत्ता कायमचा बदललाय. त्यापेक्षा सोपं म्हणजे लिंकमध्ये वर्ष, माणसाचं नाव, कमिटीचं नाव घालूच नका, मग बदलायची वेळच येत नाही. "प्रवेश" ही लिंक दहा वर्षं टिकते, "प्रवेश-२०२४-अंतिम-नवीन" एक वर्षही नाही.

मेनू आपल्या डोक्यातला नको

विभागाच्या मेनूत पहिलं काय असतं? "आमच्याविषयी". मग "इतिहास", मग "दृष्टी आणि ध्येय", मग विभागप्रमुखांचे मनोगत. साईटवर येणारा विद्यार्थी यातलं काहीच शोधत नसतो. त्याला प्रवेशाची शेवटची तारीख पाहिजे, सिलॅबस पाहिजे, वेळापत्रक पाहिजे, सर कोणत्या खोलीत बसतात आणि कधी भेटतात ते पाहिजे. ऑफिसच्या खिडकीवर जो माणूस बसतो त्याला विचारा, दिवसभरात लोक येऊन काय काय विचारतात, आणि त्यातले पहिले पाच-सहा प्रश्न म्हणजेच तुमचा मेनू. इतिहास ठेवा ना, जरूर ठेवा, पण खाली.

पहिल्या पानावरचा सरकणारा फोटोंचा पट्टा, तो स्लायडर, यावर विभागात भांडणं होतात. प्रत्येकाला आपला सेमिनार तिथे पाहिजे. माझं स्पष्ट मत, काढून टाका. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोपर्यंत कोणी थांबत नाही, आणि ज्याला नीट दिसत नाही किंवा जो सावकाश वाचतो त्याचं वाचून व्हायच्या आत फोटो पळतो. एक फोटो, एक ओळ, बास. भांडण टाळायचं असेल तर "सेंट्रलच्या टेम्प्लेटमध्ये बसत नाही" असं सांगा, सेंट्रलवाल्यांना शिव्या खायची सवय असते.

लिहायचं कसं

इथे जरा वेळ घालवते कारण सगळा फरक इथेच पडतो. विभागात आलेली नोटीस साधारण अशी असते:

"सर्व संबंधित विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, विभागातर्फे घेण्यात येणाऱ्या अंतर्गत परीक्षेच्या वेळापत्रकात काही अपरिहार्य कारणास्तव बदल करण्यात आलेला असून सुधारित वेळापत्रक सोबत जोडण्यात आले आहे. सर्वांनी नोंद घ्यावी. अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा."

आणि हे बहुतेक वेळा कागदावर सही-शिक्का मारून, मोबाईलने तिरका फोटो काढून, तो फोटोच साईटवर चढवलेला. आता हेच असं लिहा. हेडिंग: "अंतर्गत परीक्षा, दुसरं सत्र: एका पेपरची तारीख बदलली". खाली: "सांख्यिकीचा पेपर मंगळवार १० मार्च २०२६ ऐवजी शुक्रवार १३ मार्च २०२६ ला, सकाळी १० वाजता, खोली २०४ मध्ये होईल. बाकी पेपरच्या तारखा त्याच आहेत." आणि खाली लिंक, "पूर्ण वेळापत्रक, पीडीएफ". संपलं. कोणाला काय करायचंय ते हेडिंगमध्येच कळतं, फोन यायचे बंद होतात. वार आणि वर्ष दोन्ही लिहा, कारण वर्ष नसलं की पुढच्या मार्चमध्ये कोणीतरी हेच पान बघून परीक्षेला येतो, आणि वार लिहिला की तारीख टाईप करताना झालेली चूक लगेच पकडली जाते.

"येथे क्लिक करा" हे तर पूर्ण बंद. जे विद्यार्थी स्क्रीन रीडर वापरतात, म्हणजे ज्यांना सॉफ्टवेअर पान वाचून दाखवतं, ते बऱ्याचदा आधी नुसती लिंकांची यादी ऐकतात. आता कल्पना करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, असं अकरा वेळा. लिंकच्या शब्दांतच कळलं पाहिजे पलीकडे काय आहे.

हेडिंग द्यायचं ते एडिटरमधल्या हेडिंगच्या बटणाने, नुसतं अक्षर ठळक आणि मोठं करून नाही, डोळ्यांना सारखं दिसलं तरी स्क्रीन रीडरला ते हेडिंग वाटतच नाही. आणि वर्डमधून मजकूर आणताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून साधा पेस्ट करा, नाहीतर वर्डचे रंग, फॉन्ट, विचित्र मोकळ्या जागा सगळं सोबत येतं आणि पान मोबाईलवर वेडंवाकडं दिसतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, तसाच टाकला तर वाचणाऱ्याला नुसती अगम्य चिन्हं दिसतात आणि सर्चमध्येही काही सापडत नाही.

फोटो आणि पीडीएफ

मोबाईलचा फोटो सरळ चढवू नका. तो चार हजार पिक्सेल रुंद असतो, चार-पाच एमबीचा, आणि पानावर त्याला जागा असते बाराशे-दीड हजार पिक्सेलची. आधी लहान करा, दोन-तीनशे केबीपर्यंत आणा, डोळ्यांना फरक कळत नाही पण मोबाईल डेटावर बघणाऱ्याला कळतो. ऑल्ट टेक्स्टच्या चौकटीत (फोटो न दिसणाऱ्याला स्क्रीन रीडर हेच वाचून दाखवतो) फोटोत काय आहे ते एका ओळीत लिहा, "आयएमजी ४५६७" नको आणि "फोटो" असंही नको. "विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शकातून नमुना तपासताना" असं. फोटो निव्वळ सजावटीचा असेल तर चौकट रिकामी ठेवायची असते, तिथे उगीच काही कोंबू नका.

सेमिनारचं पोस्टर हा कायमचा वाद. कोणीतरी मेहनतीने रंगीत पोस्टर बनवलेलं असतं, त्यात वेळ, स्थळ, वक्ता सगळं चित्रात. टाका पोस्टर, पण तीच सगळी माहिती खाली मजकुरात टाईपही करा. चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडर वाचत नाही, मोबाईलवर मोठी होत नाहीत, सर्चमध्ये येत नाहीत. डब्ल्यू-थ्री-सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे ॲक्सेसिबिलिटीचे, म्हणजे अपंगांनाही साईट वापरता यावी यासाठीचे, जे नियम आहेत, डब्ल्यूसीएजी म्हणतात त्यांना, २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, त्यात साध्या आकाराच्या अक्षरांचा आणि मागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, निदान ४.५ ला १ असावा असं आहे. सेंट्रलच्या टेम्प्लेटचे रंग बहुतेक हे बघूनच ठरवलेले असतात, म्हणून पिवळ्यावर पांढरी अक्षरं करायला ते नाही म्हणतात, तुमच्यावर खुन्नस म्हणून नाही.

पीडीएफ कमी करा. सही असलेला आदेश, छापायचा फॉर्म, सिलॅबसची पूर्ण प्रत, इथे पीडीएफ ठीक आहे. दोन ओळींच्या नोटिशीसाठी पीडीएफ कशाला? स्कॅन केलेली पीडीएफ तर आतून नुसता फोटोच असते. आणि सिलॅबस बदलला की नवीन फाईल वेगळ्या नावाने चढवून जुनी तशीच सोडू नका, सर्चमध्ये जुनीच वर येते आणि मुलं जुनाच सिलॅबस वाचून बसतात. सिस्टीममध्ये "फाईल बदला" किंवा रिप्लेसचा पर्याय असतो, तोच वापरा, लिंक तीच राहते.

एक माहिती एकाच जागी

फी, परीक्षेचे नियम, प्रवेशाच्या तारखा ज्या विद्यापीठ ठरवतं, त्या आपल्या पानावर कॉपी करू नका, विद्यापीठाच्या पानाची लिंक द्या. कॉपी केलेलं तिकडे बदलतं आणि इकडे तसंच राहतं, आणि मग पालक तुमच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ऑफिसात उभे. प्राध्यापकांची माहितीसुद्धा विद्यापीठाच्या डिरेक्टरीतून आपोआप येत असेल तर तीच घ्या. सरांचा बायोडेटा दर वेळी ईमेलने मागून हाताने टाकायचा म्हणजे तुम्ही आयुष्यभर तेवढंच करत बसाल (आणि प्रत्येकाला आपले सगळे पेपर हवे असतात, एकूण एक).

रिसर्च प्रोजेक्ट आणि कॉन्फरन्सच्या वेगळ्या साईट हा दुसरा सापळा. तीन वर्षांचा प्रोजेक्ट, त्याला वेगळं सबडोमेन, म्हणजे विद्यापीठाच्याच पत्त्याआधी जोडलेलं वेगळं नाव, आणि बाहेरच्या क्लाऊडवर साईट. प्रोजेक्ट संपतो, पैसे संपतात, क्लाऊडवरचं खातं बंद होतं, पण विद्यापीठाच्या डोमेनमधली नोंद तशीच त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहते. मग कोणीतरी ती जागा आपल्या नावावर घेतो आणि विद्यापीठाच्या नावाखाली जुगाराच्या जाहिराती दिसायला लागतात. म्हणून असली साईट मागतानाच बंद करायची तारीख लिहून द्या. साईट बंद केली की डोमेनची नोंद काढायला सेंट्रलला त्याच दिवशी सांगा. जमत असेल तर वेगळी साईट नकोच, विभागाच्या साईटवर एक पान पुरतं.

सेंट्रलकडून काम करून घ्यायचं तर

"साईट चालत नाहीये, तातडीने बघा." असं तिकीट, म्हणजे सेंट्रलकडे नोंदवलेली तक्रार, माझ्याकडे रोज यायचं आणि मी रोज उलट विचारायचे, कोणती साईट, कोणतं पान, काय चालत नाही? त्यात दोन दिवस जायचे आणि समोरचा म्हणायचा सेंट्रलवाले हळू आहेत. तिकीट असं टाका: "प्रवेशाच्या पानावर, खाली लिंक देतोय, अर्जाचं बटण दाबलं की 'परवानगी नाही' असा मेसेज येतो. आज सकाळी ११ पासून, मोबाईलवर क्रोममध्ये, लॉगिन न करता. कम्प्युटरवर लॉगिन असताना चालतंय. स्क्रीनशॉट जोडलाय. अर्जाची मुदत परवा संपतेय." हे वाचल्यावर मला बऱ्याचदा जागेवरूनच कळायचं की पान पब्लिश झालेलं नाही, ड्राफ्टमध्येच आहे, म्हणून लॉगिन असलेल्यांनाच दिसतंय. तुम्ही पण पान टाकलं की एकदा प्रायव्हेट विंडोमध्ये, लॉगिन न करता, मोबाईलवर उघडून बघा, निम्मी तिकिटं टाकावीच लागणार नाहीत.

नवीन काही मागायचं असेल, म्हणजे एखादा फॉर्म किंवा प्लगिन (सिस्टीमला जोडायचा जादा सॉफ्टवेअरचा तुकडा), तर "आम्हाला अमुक प्लगिन पाहिजे" असं म्हणू नका, तुमची अडचण सांगा. "माजी विद्यार्थ्यांची नोंदणी करायचीय, वर्षाला साधारण दोनशे, माहिती फक्त ऑफिसला दिसावी." प्लगिनला सेंट्रल नाही म्हणेल, कारण ते एकदा टाकलं की सगळ्या विभागांसाठी त्यांनाच सांभाळावं लागतं, पण तुमचं काम दुसऱ्या कुठल्यातरी रस्त्याने होईल. आणि फॉर्मवर लागते तेवढीच माहिती मागा, जन्मतारीख आणि घरचा पत्ता उगीच गोळा करून ठेवायचा नाही.

वर्षातून दोनदा

प्रत्येक सत्र सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी एक दुपार कॅलेंडरवर अडवून ठेवा, ती सुरुवातीची स्प्रेडशीट उघडा आणि प्रत्येक पानासमोर ज्याचं नाव आहे त्याला फक्त त्याच्या पानाची लिंक पाठवून विचारा, "हे बरोबर आहे का? शुक्रवारपर्यंत सांगा." सगळ्यांना मिळून एक ईमेल पाठवला तर कोणीच उत्तर देत नाही. तुटलेल्या लिंक शोधायचं टूल सेंट्रलकडे असतं, तो रिपोर्ट मागून घ्या. कोणती पानं किती बघितली जातात तेही मागा, वर्षभरात चार जणांनी उघडलेलं पान काढायला मग कोणाची हरकत राहत नाही.

ती स्प्रेडशीट मात्र स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवू नका, विभागाच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा, सोबत एक साधी फाईल: कोणाकडे ॲक्सेस आहे, सेंट्रलला तिकीट कुठे टाकायचं, कोणते रिडायरेक्ट लावलेत, कुठली सबडोमेन कधी बंद करायचीत. पुढच्या कुठल्यातरी मीटिंगच्या शेवटी "जरा तू बघ ना" हे दुसऱ्या कोणालातरी ऐकावं लागेल, तेव्हा त्याला त्या फोल्डरची लिंक पाठवून द्या.